थंडी अजून जाणार न्हाय

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच व्हायला हवं होतं. ही अट डॉक्टरांची नव्हती, आईची होती. डोळ्याचं काम उन्हाळ्यात केलं तर चिघळतं आणि पावसाळ्यात केलं तर जखम भरत नाही, हे तिला पन्हाळ्याच्या एका चुलत बहिणीवरून ठाऊक होतं. त्या बहिणीचं ऑपरेशन भर मे महिन्यात झालं होतं आणि डोळा गेला होता. या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली होती. बहीण हयात नव्हती. दुजोरा मिळायची सोय नव्हती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "आजी, ती जुनी पद्धत. आता बारीक छिद्र पाडून काम होतं. टाकासुद्धा घालत नाहीत. हे ऑपरेशन आता बारमाही चालतं."

"बारमाही चालायला ती काय पाण्याची हीर हाय?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीची तारीख दिली. शिवरात्रीला अवकाश होता, त्यामुळं आईनं मान डोलावली. मी कागद घेत असताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आईचा उजवा डोळा लहानपणीच गोवरात गेला होता. आयुष्यभराचं वाचन, शिवण, निवडणं-टिपणं सगळं डाव्या डोळ्यावर झालं होतं. त्याच डोळ्यातला मोतीबिंदू आता पिकत चालला होता. आणखी वर्षभर थांबलात तर काम अवघड होईल, असं त्यांनी सांगितलं. आणि एकच डोळा असल्यामुळं त्या दिवशी खोकला किंवा शिंक अजिबात चालणार नाही. "मी आत काम करत असताना त्या खोकल्या तर डोळा हलेल. तेवढं सांभाळा. बाकी माझ्यावर सोडा."

म्हणजे आम्हाला सांभाळायचा होता तो फक्त खोकला. कोल्हापुरात सरत्या थंडीत हे किती अवघड आहे, याची डॉक्टरांना कल्पना असावी. ते इथलेच होते.

आईला डोळा कशासाठी हवा होता, हेही सांगायला हवं. तिला पेपर वाचायचा होता. साठेक वर्षं ती रोज सकाळी पेपर वाचत आली होती, तोही शेवटच्या पानाकडून. आधी निधनवार्ता, मग गुळाचा बाजार, मग कोर्टाच्या बातम्या, आणि पहिलं पान सर्वांत शेवटी, वेळ उरला तर. दिवाळीपासून भिंग लावूनही अक्षरं दिसेनाशी झाली. तेव्हापासून आम्ही वाचून दाखवू लागलो. माझी बायको शाळेत शिकवते. ती निघण्यापूर्वी दहा मिनिटं वाचायची, वर्गाला धडा वाचून दाखवावा तशी. मी घरी असलो तर मी. वाचून संपलं की आई विचारायची, "आन्?"

"आणि काही नाही," बायको म्हणायची.

"पेपर एवढाच व्हय आता?"

निधनवार्तांमधली ओळखीची नावं आम्ही गाळतो, असा तिचा संशय होता. संशय खरा होता. "दुसऱ्यानं वाचून दावणं म्हंजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं," ती म्हणायची. "घास केवढा, ते त्येनंच ठरवायचं."

मी ज्या पेपरात काम करतो तोच घरी येतो. तीस वर्षं मी डेस्कवर आहे. आलेली बातमी नीट करणं, जागेत बसवणं, मथळा देणं हे माझं काम. आमच्या भागातले वार्ताहर बोलतात तसं लिहितात, आणि मी त्यांचं 'हाय' काढून 'आहे' करतो, 'न्हाय' काढून 'नाही' करतो. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो', 'मी सांगतो' असं बोलतात. तेही मी तीस वर्षं 'जाते', 'सांगते' करत आलो आहे. घरी मात्र आई बोलते तसंच मीही बोलतो. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नाही. चप्पल उंबऱ्याबाहेर काढावी तशी पेपरची भाषा मी बाहेर काढून येत असे. निदान माझी तशी समजूत होती.

खोकला ऑपरेशनच्या चार दिवस आधी आला.

आमचं घर कसबा बावड्याच्या वाटेवर आहे. त्या दिवसांत ऊसतोड संपत आलेली असते आणि मोकळ्या रानांतला पाला पेटवतात. संध्याकाळी वारं पडलं की काजळी उतरते. दोरीवरच्या कपड्यांवर, अंगणातल्या तुळशीवर, झाकायचं राहिलेल्या दुधावर काळे, लांब, हलके तुकडे येऊन बसतात. बोटानं उचलायला गेलं की पसरतात. आई संध्याकाळी कट्ट्यावर बसायची. तिला काजळी दिसत नव्हती, त्यामुळं ती नाहीच असा तिचा निष्कर्ष होता. अशा तीन संध्याकाळी झाल्यावर ती खोकायला लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ऑपरेशन पुढं ढकललं. "खोकला पूर्ण जाऊ द्या. मग आठ दिवस थांबून या. तोवर थंडीपासून जपा, आणि हलकं खायला द्या."

या दोन सूचनांवर पुढचे दोन आठवडे गेले.

थंडीपासून जपण्याबाबत आमच्या घरात लेखी साहित्य उपलब्ध होतं. दरवर्षी या सुमारास आमच्या पेपरात 'सरत्या थंडीत घ्या काळजी' असं एक सदर येतं. ते मी लिहितो. त्याला नाव नसतं. खाली 'तज्ज्ञांच्या मते' असं असतं. तज्ज्ञ म्हणजे मागच्या वर्षीचं सदर, जरा फिरवून. जागा कमी असेल तर पाच सूचना, जाहिरात गळून जागा उरली तर नऊ. आईनं बारा-तेरा वर्षांची ही कात्रणं कापून कॅलेंडरच्या मागच्या पिशवीत ठेवली होती. मुलानं लिहिलंय म्हणून नव्हे. ते मी लिहितो हे तिला माहीत नव्हतं. पेपरात आलंय म्हणून.

आता तिनं ती पिशवी काढायला लावली आणि सुनेला वाचायला बसवलं.

"पहाटे लवकर उठून मोकळ्या हवेत फिरावे," बायकोनं वाचलं.

"बरं."

"पहाटेची गार हवा टाळावी. उन्हं वर आल्याशिवाय बाहेर पडू नये."

"ह्ये कवाचं?"

"त्याच्या पुढच्या वर्षीचं, आई."

"दोन्ही करू," आई म्हणाली. "पहाटं उठायचं, पर भाईर पडायचं उन्हं वर आल्यावर."

अशा रीतीनं तिनं बारा वर्षांचा मेळ घातला. पहाटे उठून कोमट पाणी. एका वर्षी मध घालून, एका वर्षी लिंबू, म्हणून दोन्ही. मग अंगाला तीळतेल चोळून कोवळ्या उन्हात अर्धा तास. मग तेलकट त्वचेवर धूळ बसते म्हणून ते पुसून काढायला आणखी अर्धा तास. तीळ आणि गूळ भरपूर. गोड कमी. गरम पाण्याची वाफ दिवसातून तीनदा. वाफेनंतर वाऱ्यात जायचं नाही म्हणून खिडक्या बंद. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या. दुपारपर्यंत ती दमून जायची. बायको माझ्याकडे बघायची. ते सदर कोण लिहितं, हे तिला ठाऊक होतं.

"पुढच्या वर्षी एकच सूचना लिही," ती म्हणाली. "'काही करू नये.'"

हलक्या जेवणाचा निर्णय गल्लीनं घेतला. गल्ली म्हणजे मुख्यतः दोघीजणी. समोर एक जैन कुटुंब राहतं. घरचं भांड्यांचं दुकान. त्या घरातल्या काकू सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीत. मागच्या गल्लीत एक आत्या राहतात. त्या कुणाच्याच आत्या नाहीत, पण सगळे त्यांना आत्या म्हणतात. आमच्या पेपरातल्या शहर वार्ताहराच्या त्या सासूबाई.

काकूंनी काढा आणला. त्यांच्याकडं आलं चालत नाही, कारण ते जमिनीखालचं. सुंठ मात्र वाळलेली म्हणून चालते. त्या काढ्यात सुंठच सुंठ होती. आई एक घोट घेऊन थांबली आणि तिनं डोळा पुसला. "हेनं खोकला जाईल का न्हाय ठावं न्हाय," ती म्हणाली, "पर मोतीबिंदू तेवढा वाहून जाईल."

आत्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात झाकण घातलेलं पातेलं होतं.

"डॉक्टर काय म्हणालं? हलकं म्हणालं न्हवं? मग पांढरा आणलाय."

"आत्या, मटणाचा रस्सा म्हणजे हलकं होय?" बायकोनं विचारलं.

"तांबडा जड. पांढरा हलकाच की. त्येच्यात तिखट कुठं हाय? नुसती खसखस, काजू, खोबऱ्याचं दूध. बाळंतिणीलाबी देतेत."

काकूंनी नाकाला पदर लावला आणि खुर्ची दाराकडं सरकवली. पण त्याही 'हलकं' या शब्दाचा अर्थ तोच आहे, असंच मान्य करत असाव्यात, कारण त्या काही बोलल्या नाहीत. आईनं दोन वाट्या पांढरा प्यायला आणि बऱ्याच दिवसांनी चव आल्याचं सांगितलं. खोकला होता तिथंच राहिला. आत्या अंथरुणाशेजारी बसून तासभर बोलल्या. मधूनमधून त्या खोकत होत्या. त्यांना चार दिवसांपासून खोकला होता. घरी पडून कंटाळा येतो म्हणून त्या विचारपूस करायला आल्या होत्या.

आठवडा असा गेल्यावर बायकोनं एका रविवारी सूत्रं हातात घेतली. कात्रणांची पिशवी माळ्यावर टाकली. काढा बंद, तेल बंद, पांढरा बंद. संध्याकाळी चारलाच खिडक्या लावून घेऊ लागली. दारात उभी राहून भेटायला येणाऱ्यांना सांगू लागली, "आई झोपल्यात." आई आतून ओरडायची, "न्हाय झोपलो!" बायको म्हणायची, "झोपेत बोलतात." गरम वरणभात, गरम पाणी आणि झोप, एवढंच ठेवलं.

सहा दिवसांत खोकला गेला.

तो काढ्यानं गेला असं काकूंनी सांगितलं. आत्यांच्या मते पांढऱ्याचा गुण जरा उशिरानं येतो. आई म्हणाली, पेपरातलं सगळं केलं म्हणून गेला. बायकोनं शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या.

डॉक्टरांनी तपासलं, समाधान व्यक्त केलं आणि नवी तारीख दिली. ती शिवरात्रीनंतर आठव्या दिवशीची होती. त्याआधी त्यांच्याकडे जागा नव्हती.

रिक्षात आईनं बोटांवर दिवस मोजले. घरी येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता दिवाळी झाल्यावर बघू."

"का?"

"शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाती. मग कसलं आपरेशन?"

डॉक्टरांनी मला जे बाजूला घेऊन सांगितलं होतं, ते मी तिला तेव्हा सांगितलं. वर्षभर थांबलं तर अवघड आहे. तिनं ऐकलं. "अवघड म्हंजे त्येंना अवघड," ती म्हणाली. "मला काय, डोळा हाय तसाच हाय." मग थोड्या वेळानं: "मी समद्या गल्लीला सांगून बसलोय, थंडीतच करणार म्हणून."

पुढचे काही दिवस आम्ही पाळीपाळीनं प्रयत्न केले. बायकोचा युक्तिवाद असा होता की ऑपरेशनच्या खोलीत एसी असतो, म्हणजे आत बाराही महिने थंडीच असते.

"ती बटणाची थंडी," आई म्हणाली. "बटणाची थंडी मला सांगू नगंस."

मी नेटवरची माहिती वाचून दाखवली. तिनं विचारलं, "ह्ये पेपरात आलंय?" मी नाही म्हणालो. विषय संपला. या काळात ती सकाळचं वाचनही मनापासून ऐकेनाशी झाली. 'आन्?' विचारणं तिनं सोडून दिलं. एकदा मी आत आलो तेव्हा ती कालचा पेपर मांडीवर घेऊन बसली होती. तो उलटा होता. तिनं चाहूल ऐकली आणि घडी घालून बाजूला ठेवला.

शिवरात्र आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजताच अंगणात ऊन टोचायला लागलं. मी पेपर घेऊन आईसमोर बसलो. निधनवार्ता वाचल्या, एक नाव गाळलं. गुळाचा बाजार वाचला. मग आतलं पान उघडलं. डाव्या कोपऱ्यात बाजारात कलिंगडं आल्याची बातमी होती, कलिंगडांच्या फोटोसह. मी त्या फोटोकडं बघत वाचलं:

"हवामान. जिल्ह्यात थंडीचा मुक्काम वाढला. उत्तरेकडून येणाऱ्या गार वाऱ्यांमुळे शिवरात्रीनंतरही गारठा कायम आहे. ज्येष्ठ नागरिकांनी गरम कपडे वापरावेत, असे आवाहन करण्यात आले आहे."

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला.

"म्हंजे कवापातूर?" आईनं विचारलं.

मी पेपर थोडा वर धरला. "अजून पंधरा दिवस तरी थंडी जाणार न्हाय, असं तज्ज्ञ म्हणाले."

तीस वर्षांत मी बातम्या कापल्या आहेत, दाबल्या आहेत, उशिरा लावल्या आहेत. नसलेली बातमी कधी वाचली नव्हती. ती इतकी सहज वाचता येते याचं मला नवल वाटलं.

आई माझ्या दिशेनं बघत राहिली. तिला माझ्या जागी काय दिसत होतं, सांगता येत नाही. धुरकट काहीतरी असावं.

"पेपरात आलंय म्हंजे बरूबरच आसंल," ती शेवटी म्हणाली. "मग घे की तारीख."

तारीख घेतलेलीच होती. ती राहू दिली एवढंच. मिक्सर पुन्हा सुरू झाला.

दुपारपर्यंत ही बातमी गल्लीत पोचली. आई स्वतः काठी टेकत कट्ट्यावर गेली आणि येईल त्याला सांगत बसली. आत्यांनी पेटीत ठेवलेला स्वेटर पुन्हा बाहेर काढला. काकूंनी पापडांचा बेत पंधरा दिवस पुढं ढकलला. कोपऱ्यावर राहणारे एक निवृत्त कारकून भर दुपारी कानटोपी घालून दूध आणायला जाताना दिसले. त्यांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. गगनबावड्याकडनं वारं फिरलंय, असंही दुसऱ्या दिवशी ऐकू आलं. ही भर कुणाची, ते कळलं नाही. उत्तरेचं वारं पश्चिमेच्या गगनबावड्याकडनं कसं येईल, असं कुणी विचारलं नाही. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरी आमचाच पेपर येतो. कुणीही उघडून पाहिला नाही. ऐकलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शहर वार्ताहर माझ्या टेबलाशी आले.

"सर, थंडी लांबलीय."

ऑफिसात पंखा चालू होता. "कोण म्हणतंय?" मी विचारलं.

"सगळीच म्हणालीत की. आमच्या सासूबाईंनी स्वेटर परत काढलाय."

"हवामान खात्याला विचारलंत?"

"त्यांचं उद्या कळंल. पर लोकांत चर्चा हाय, सर. थंडी असू दे नसू दे, चर्चा तर खरी हाय का न्हाय?"

चर्चा खरी होती. ती मीच सुरू केली होती. मी बातमी उघडली. पंधरा ओळी होत्या. तिसऱ्या परिच्छेदात एका ज्येष्ठ नागरिकाचं म्हणणं अवतरणात दिलं होतं: 'थंडी अजून जाणार न्हाय.' हे ज्येष्ठ नागरिक कोण, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बातमी टाकून द्यावी लागली असती. त्या दिवशी आतल्या पानावरची एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली होती आणि नेमकी तेवढीच जागा रिकामी होती. मी पंधराच्या नऊ ओळी केल्या. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिलं. आमच्या धंद्यात प्रश्नचिन्ह असलं की काहीही लिहिता येतं. अवतरणातल्या 'न्हाय'वर हात आपोआप गेला आणि त्याचं 'नाही' झालं. 'थंडीचा मुक्काम लांबणार? नागरिकांत चर्चा' या मथळ्याखाली बातमी सकाळी छापून आली. त्या सकाळी बायकोनं वाचून दाखवलं. तिनं ही बातमी गाळली. मला म्हणाली, "आता खरंच छापलंस?"

ऑपरेशनच्या दिवशी आईनं स्वेटर घातला होता. आत जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "गार हाय की." एसीमुळं ते खरंच होतं. वीस मिनिटांनी तिला बाहेर आणलं. ती खोकली नव्हती, शिंकली नव्हती, हललीही नव्हती. डॉक्टर म्हणाले, इतका शांत पेशंट बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. बाहेर बसून मी दोनदा खोकलो होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही. वाचायचा चष्मा महिन्यानं मिळणार होता. घरी आल्यावर तिनं पहिली सूचना दिली, "रद्दी द्यायची न्हाय. मी वाचल्याबिगर एक पान भाईर जायचं न्हाय."

तो महिना मला लांब वाटला. पायरीखाली गठ्ठा वाढत होता. रद्दीवाला दोनदा येऊन गेला. एकदा घरात मी एकटाच होतो. त्या विशिष्ट तारखेचा पेपर काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. मी गठ्ठ्यापर्यंत गेलो. पण काढलेला पेपर कुठं गेला, हे तिनं विचारलं असतं, आणि मला आणखी एक बातमी तयार करावी लागली असती. मी परत आलो.

चष्मा आला तेव्हा उन्हाळा पुरता सुरू झाला होता. पंखा फिरत होता, काकूंचे पापड गच्चीवर वाळत होते. आई खिडकीशी गठ्ठा घेऊन बसली. सगळ्यांत आधी तिनं दिवाळीपासूनच्या निधनवार्ता वाचल्या. दोन दिवस लागले. चार नावं तिच्या ओळखीची निघाली, त्यातलं एक तिच्या माहेरच्या शेजारणीचं. तिनं सुनेला बोलावून ती चार पानं दाखवली. बायको पानं हातात घेऊन उभी राहिली. मग आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जा, शाळंला उशीर होईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. मांडीवर दोन पेपर होते. एक शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाचा. त्यावर कलिंगडं होती.

"हितं काय वाचलंवतंस रं तू?"

मी कलिंगडांकडं बघितलं.

"थंडी कुठं हाय हेच्यात? कलिंगडं हायत." मग तिनं दुसरा पेपर वर घेतला. "थंडी हितं हाय. पर ही चार दिवसांनी आलीया. तू आधीच वाचलीस." तिनं बोट ओळीवर ठेवलं आणि सावकाश वाचलं, शाळेतल्यासारखं, प्रत्येक अक्षर वेगळं करून: "'थंडी अजून जाणार नाही, असे एका ज्येष्ठ नागरिकाने सांगितले.' ह्ये जेष्ठ नागरिक म्हंजे मीच की. आत्याचा जावई आलता कट्ट्यावर. त्येला मी सांगितलं. पर मी 'न्हाय' म्हणालो हुतो. हितं 'नाही' कुणी केलं?"

"मी."

"आन् तू जवा वाचलास तवा 'जाणार न्हाय' म्हणालास. ह्येबी मला ध्येनात हाय. पेपर कवा 'न्हाय' म्हणतो व्हय रं? साठ वर्सं वाचतोय मी. एकदाबी म्हणाला न्हाय." तिनं चष्मा वर सरकवला. "मी बोललो त्येचं तू पेपरावाणी केलंस, आन् पेपर म्हणून वाचलास ते माझ्यावाणी. सगळं उलटंच की तुझं."

म्हणजे तिला त्याच सकाळी कळलं होतं. माझ्या तोंडून तो शब्द निघाला त्याच क्षणी.

"मग तयार का झालीस?" मी विचारलं.

तेवढ्यात थेंबांची वेळ झाली होती. तिनं चष्मा काढला, मान मागं टाकली आणि डोळा उघडा धरला. मी एक थेंब सोडला. तिनं डोळा मिटला.

"एकच डोळा रं," ती म्हणाली. "गेला असता म्हंजे? थंडी म्हटलं की कोन काय इचारत न्हाय. भ्यालो म्हटलं असतं तर समद्या गल्लीनं येऊन धीर दिला असता. रस्सा घेऊन." तिनं गालावर आलेलं पाणी पदरानं टिपलं. ते थेंबाचंच असावं. "मग तू पेपरात आलंय म्हणालास. लबाड बोलालायस, कळलं मला. पर लबाड बोलायला लागलायस म्हंजे थांबलं तर डोळा खरंच जाणार, येवढं कळलं."

मी बाटलीचं झाकण लावत उभा राहिलो. तिनं चष्मा पुन्हा लावला, दोन्ही जुने पेपर घडी घालून रद्दीच्या बाजूला टाकले आणि त्या दिवसाचा पेपर उघडला, शेवटच्या पानाकडून.

"बाजूला हो," ती म्हणाली. "उजेड अडवालायस."